कावेरीबाईच्या टपरीवरचा हीटर

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, गुरुपादप्पाच्या डाळीच्या गोदामासमोर कावेरीबाईची चहाची टपरी आहे. मोंढ्यात टपरीला जागा कमी नव्हती. मोठ्या फाटकाजवळ गिऱ्हाईक कितीतरी जास्त मिळालं असतं आणि तिथली जागा तिला कुणी देऊही करत होतं. पण तिनं हट्टानं गोदामासमोरचीच घेतली. गुरुपादप्पाचं वाईट होईल तेव्हा ते तिला समोर बसून बघायचं होतं.

हे ती कुणापासून लपवत नव्हती. कुणी विचारलंच तर सांगायची, "लोक देवळासमोर बसतात ते देव दिसावा म्हणून. मी हिथं बसते ते ह्याचं वाटोळं दिसावं म्हणून."

तिचा नवरा देविदास एकेकाळी याच अप्पाची पिकअप चालवायचा. डाळीची पोती भरून नांदेडला जायचं, येताना मिळेल ते भाडं आणायचं. गाडीला तो घरच्या जनावरासारखा जपायचा. सकाळी सुरू केली की इंजिन ऊन झाल्याशिवाय जागची हलवायचा नाही. एका हिवाळ्यात नांदेडहून परतताना कंधारजवळ गाडीच्या पोटात एकाएकी खाडखाड झालं, काळा धूर आला आणि गाडी बंद पडली ती पडलीच. देविदासनं ती दुसऱ्या गाडीला बांधून कंधारच्या स्टँडसमोर आणली आणि मालकाला फोन केला. अप्पा आला, त्यानं बॉनेट उघडून बघितलंसुद्धा नाही. एसटीची वाट बघत बसलेल्या लोकांदेखत तो म्हणाला की हा दारू पिऊन गाडी रगडतो, आणि त्यानं देविदासच्या कानफटात मारली. देविदास गालाला हात लावून उभा राहिला. तो सुपारीही खात नव्हता. पण ते सांगायला त्याचं तोंडच उघडलं नाही.

उदगीरच्या एका कंडक्टरनं हे डोळ्यांनी बघितलं होतं. देविदास घरी पोहोचायच्या आधीच कावेरीबाईला सगळं कळलं होतं.

त्यानंतर मोंढ्यातल्या एकाही मालकानं देविदासच्या हातात गाडी दिली नाही. दारुड्या हे नाव त्याला चिकटलं. लग्नाकार्यात पंगतीला बसला की शेजारचा माणूस हळूच त्याच्या तोंडाचा वास घेऊन बघायचा. मुलीची अहमदपूरची सोयरीक ठरत आली होती. तिकडच्यांनी मोंढ्यात चौकशी केली आणि पुन्हा निरोपच आला नाही. पोरीचं पुढं दुसरीकडं चांगलं झालं, पण त्या दिवसांत ती उशीत तोंड खुपसून पडायची ते कावेरीबाईनं बघितलं होतं. देविदास डाळमिलमध्ये पोती शिवायला लागला. सुतळी आणि दाभण घेऊन दिवसभर खाली मान. घरी कधी विषय निघालाच तर म्हणायचा, जाऊ दे. या दोन शब्दांचा कावेरीबाईला अप्पाइतकाच राग यायचा.

टपरीवर बसून तिनं अप्पाचं बरंच काही बघितलं. गारपिटीत त्याचं गोदाम गळलं आणि डाळीला बुरशी आली, तेव्हा ती पोती बाहेर पसरलेली बघायला ती मुद्दाम उभी राहिली. अप्पाचे गुडघे धरले, तो काठी घेऊन चालायला लागला. त्याचा मुलगा रुद्रेश बापाशी भांडून हैदराबादला निघून गेला, त्या दिवशी तिनं चहात आलं जरा जास्तच किसलं आणि गिऱ्हाईकांनी चहाची तारीफ केली. तरी तिचं पोट भरत नव्हतं. हे सगळं आपोआप झालेलं होतं, त्यात देविदासचं नाव कुठंच नव्हतं. ती किल्ल्यात उदागीरबाबाच्या समाधीला जायची, तेव्हा इतर बाया लेकराबाळांसाठी मागायच्या. ही मागायची की याची गाडी फुटू दे.

कारण अप्पानं नंतर दुसरी पिकअप घेतली होती, जुनीच, पहिलीच्याच जातीची. तिच्यावर वैजनाथ नावाचा ड्रायव्हर होता, देगलूरकडचा, तिशीतला. बायकोला, दीपालीला, घेऊन तो नुकताच उदगीरला भाड्याच्या खोलीत राहायला आला होता. वैजनाथ कावेरीबाईला मावशी म्हणायचा आणि चहा पिताना गाडीचं सगळं रडगाणं तिला ऐकवायचा. तिला तेच हवं असायचं.

या हिवाळ्यात त्या गाडीचा आवाज बदलला. सकाळी चावी फिरवली की ती नुसतीच घुरघुरायची, सुरू झाली की ढगासारखा पांढरा धूर सोडायची, आणि रस्त्यापलीकडं टपरीपर्यंत काहीतरी करपल्याचा वास यायचा. वैजनाथ म्हणाला की हीटरचा दिवा पेटतो तो गाडी पळायला लागली तरी विझत नाही, आणि बॅटरी रोज मरते. अप्पाला सांगितलं, तर अप्पा म्हणाला, तुरीचा हंगाम होऊ दे, मग बघू.

संध्याकाळी जेवताना कावेरीबाईनं हे देविदासला चवीनं सांगितलं. देविदासचा घास हातातच राहिला.

"वास कसला येतो म्हणालीस?"

"करपल्याचा. लोखंड तापल्यावाणी."

देविदासनं घास ताटात ठेवला. मग तो सांगायला लागला, आणि इतकं सलग तो कित्येक वर्षांत बोलला नव्हता. थंडीत इंजिनात जाणारी हवा गरम करायला नळीच्या तोंडाशी एक हीटर बसवलेला असतो, आपल्या पाणी तापवायच्या कॉइलसारखा. गाडी सुरू झाली की तो बंद पडायला पाहिजे. तो पेटलेलाच राहिला तर आतल्याआत जळतो. त्याच्या गाडीलाही बंद पडायच्या आधी असाच वास येत होता, असाच दिवा पेटून राहत होता. पुढं गाडी गॅरेजला गेली, इंजिन उघडलं गेलं, पण आत काय निघालं ते त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही.

"म्हणजे ही गाडी फुटणार," कावेरीबाई म्हणाली.

"वैजनाथला सांगाया पाहिजे."

"कुणी काही सांगायचं न्हाई."

देविदास तिच्याकडं बघत राहिला. "फुटल्यावर कानफटात कुणाच्या बसंल, कावेरे? अप्पाच्या व्हय?"

तिला ते कळत होतं. ताट उचलता उचलता ती म्हणाली, "वैजनाथच्या नशिबात असंल तर बसंल. मी किती वरीस वाट बघायची?"

देविदास हात धुवायला उठला. तिला वाटलं, नेहमीसारखं हेही त्यानं जाऊ दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामासमोर पिकअपमध्ये पोती चढत होती. माल नांदेडचा होता. अप्पा लग्नासाठी लातूरला गेला होता, गोदामात मुनीम होता. वैजनाथ टपरीवर आला. कावेरीबाईनं त्याला चहा दिला, वर दोन बिस्किटं दिली. दीपालीला सर्दी झालीय, येताना नांदेडहून तिच्यासाठी शाल आणणार आहे, असं तो सांगत होता. कावेरीबाई म्हणाली, सावकाश जा. तो रस्ता ओलांडून गाडीकडं जाताना ती पाठमोरी त्याला बघत राहिली, आणि मनात एवढंच होतं की कंधारपर्यंत तरी जावी, तिथंच फुटावी.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी देविदास दिसला.

मार खाल्ल्यापासून त्यानं या गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. मिलला जाताना तो मागच्या रस्त्यानं वळसा घालून जायचा. आज तो सरळ आला, गोदामाच्या अंगणात शिरला, आणि चावीला हात घातलेल्या वैजनाथला म्हणाला, "फिरवू नकोस. खाली उतर."

मुनीम धावत आला, हा दारुड्या इथं कशाला आला म्हणून ओरडायला लागला. देविदासनं त्याच्याकडं लक्षच दिलं नाही. वैजनाथला सगळं सांगायला त्याला फार शब्द लागले नाहीत. वैजनाथनं तिथूनच अमरेशला फोन लावला. अमरेशचं गॅरेज देगलूर रोडच्या कोपऱ्यावर होतं. मोटारसायकलवर पान्यांची पिशवी टाकून तो लगेच आला.

कावेरीबाईनं स्टोव्ह बंद केला आणि पदर खोचून रस्ता ओलांडला. नवऱ्याला चार लोकांत बोलायची तिची रीत नव्हती. ती त्याच्या जवळ जाऊन हळूच म्हणाली, "तोंडाशी आलेला घास काढून घेतलात तुम्ही माझा."

"हाव," देविदास म्हणाला आणि बॉनेट उचललं.

अमरेशनं आधी बॅटरीची मायनसची वायर सोडवली. मग हीटरकडं जाणारी जाड वायर काढली. तिच्या टोकाचं रबर वितळून काळं झालं होतं. हवेच्या रबरी नळीची क्लिप ढिली केली, नळी बाजूला ओढली. खाली नळीचा वाकलेला लोखंडी कोपरा होता आणि त्याच्या पोटात हीटर. कोपऱ्याचे बोल्ट निघाले, एक मात्र गंजून बसला होता. अमरेशनं जोर लावला तसा पाना घसरला आणि त्याची बोटं सोलली. देविदासनं त्याच्या हातातून पाना घेतला. बोल्टच्या बुडाशी तेल सोडलं, थांबला, पान्याच्या मुठीनं बारीक बारीक ठोकलं, पुन्हा थांबला. मग एकदा आवळायच्या बाजूला किंचित फिरवून उलटा ओढला आणि बोल्ट सुटला. कोपरा बाजूला होताच त्यानं हीटर अलगद वर उचलला आणि इंजिनाच्या उघड्या तोंडात स्वच्छ कापड कोंबलं, आत काही पडू नये म्हणून.

हीटर तळहाताएवढा होता. लोखंडी चौकट आणि तिच्यात नागमोडी पट्ट्या, करपून निळ्याकाळ्या झालेल्या. अमरेशनं तो उलटा केला. वायर जिथं आत येते तिथला नट अर्धा जळून गेला होता, एका आट्यावर लटकत होता. अमरेशनं बोट लावलं आणि तो त्याच्या तळहातावर पडला.

"आज नांदेड गाठलं नसतं," अमरेश म्हणाला. "हवेनं ओढून सरळ इंजिनात नेला असता. त्या पहिल्या गाडीचंबी ह्येच झालतं. पिस्टनमध्ये रुतून बसला होता नट. आमच्या उस्तादानं टोकरून काढला अन् अप्पाच्या हातात दिला."

देविदास कापड नीट करत होता, त्याचा हात थांबला. "कुठल्या गाडीचं?"

"तुमच्याच की, काका. मी तवा तिथं कामाला होतो." अमरेशनं त्याच्याकडं बघितलं, मग कावेरीबाईकडं. "अप्पानं सांगितलं न्हाई व्हय तुम्हाला?"

पोती चढवणारे हमाल पोतं पाठीवर तसंच घेऊन उभे राहिले. देविदास गाडीच्या चाकाला टेकून खाली बसला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दमलेपण होतं.

कावेरीबाईच्या डोक्यातला गोंधळ मात्र एकदम थांबला. इतकी वर्षं तिला वाटत होतं की अप्पा तापट माणूस, तिरमिरीत बोलला, मारून बसला आणि मग आपलंच खरं धरून बसला. त्याला ठाऊक होतं हे तिला ठाऊक नव्हतं. तो नट हातात घेऊन तो घरी गेला, जेवला, झोपला. सकाळी उठून मोंढ्यात आला आणि देविदासला लोक दारुड्या म्हणत राहिले ते ऐकत राहिला. तिच्या पोरीची सोयरीक मोडली तेव्हाही त्याला ठाऊक होतं. गाडी फुटणं आता तिला फार किरकोळ वाटायला लागलं. गाडी काय, दुसरी आली असती.

तिनं अमरेशच्या हातातून हीटर आणि नट दोन्ही घेतलं. मुनीम म्हणाला की ती मालकाची वस्तू आहे. "मालकाला घ्यायला पाठव," ती म्हणाली, आणि टपरीवर जाऊन हीटर तारेनं दर्शनी खांबाला बांधला. नट तिनं काचेच्या ग्लासात टाकून बिस्किटांच्या बरणीशेजारी ठेवला.

अमरेशनं दुपारपर्यंत लेथवरून एक सपाट कडं करून आणलं आणि हीटरच्या जागी नव्या गॅस्केटसह बसवलं. आपल्याकडं कसली आलीय थंडी, म्हणाला. चावी जरा जास्त फिरवावी लागेल, तो दिवा पेटून राहील, बाकी गाडीला काही होत नाही. गाडी सुरू झाली. पण वैजनाथ तिच्यात बसला नाही. त्यानं चावी मुनीमाच्या गादीवर ठेवली आणि म्हणाला, ज्या मालकाला खरं ठाऊक असून तो ड्रायव्हरच्या माथी मारतो, त्याची गाडी मी चालवत नाही.

मग तो टपरीवर आला. "मावशी, काका म्हणाले, रातीच तुम्ही दोघं बोलला होता ह्याच्यावर."

"हाव."

"सकाळी चहा दिलात. बिस्किटं दिलीत."

"दिली," कावेरीबाई म्हणाली. वैजनाथ निघून गेला. पुढं कितीतरी दिवस तो तिच्याकडं चहाला आला नाही. फाटकाजवळच्या टपरीवर प्यायचा.

पण दुसरे ड्रायव्हर येत होते. मोंढ्यातला जवळपास प्रत्येक ड्रायव्हर तिच्याकडं दिवसातून एकदा तरी टेकायचा. खांबावरची वस्तू काय म्हणून तो विचारायचा आणि ती सांगायची. ती रडायची नाही, आवाज चढवायची नाही, जेवढं झालं तेवढंच सांगायची आणि ग्लासातला नट त्याच्या हातावर द्यायची. प्रत्येकाला आपापल्या मालकाची कुठली ना कुठली गोष्ट आठवायची.

अप्पा लातूरहून परतला तेव्हा त्याची गाडी भरलेली उभी होती आणि ती चालवायला उदगीरमध्ये माणूस मिळत नव्हता. त्यानं भालकीहून एक ड्रायव्हर बोलावला. तो आला, समोरच्या टपरीवर चहा प्यायला, नट हातात घेतला आणि आल्या बसनं परत गेला. बिदरहून अप्पाचा एक भाचा आला. त्यानं गाडी मागं घेताना गोदामाच्या फाटकाचा खांब पाडला. कावेरीबाई ते बघत बसली, आणि किती वर्षांनी तिला मोकळेपणानं हसू आलं. मुनीम पोलिसांची भाषा बोलून गेला. तिनं सांगितलं, आणा, त्यांनाबी चहा पाजते अन् सगळं सांगते. अमरेशला दम दिला गेला की तू काही बघितलंच नाहीस असं म्हण. अमरेश म्हणाला, मला इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं, आता विचारलं तर बघितलं तेच सांगणार.

नांदेडचे व्यापारी दुसऱ्याची डाळ घ्यायला लागले. मग एका दुपारी अप्पाची बायको गंगम्मा आली. कावेरीबाईनं तिला स्टूल पुसून दिलं, चहा दिला. गंगम्मा म्हणाली, त्यांनी मला यातलं काही सांगितलं नव्हतं, देवाशपथ, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुमच्यावर माझा राग न्हाई, अक्का," कावेरीबाई म्हणाली. "पर तुम्ही रडून माझं काम होणार न्हाई. त्यांना पाठवा, बाजाराच्या दिवशी, चार लोकांत."

अप्पा आला तो बाजाराच्या दिवशी, काठी टेकत. तिची अटच ती होती. टपरीभोवती ड्रायव्हर होते, हमाल होते, डाळमिलचे लोक होते. अप्पा खाली बघत म्हणाला की झालं ते झालं, माझी चूक झाली.

"काय चूक झाली ते सांगा," कावेरीबाई म्हणाली.

अप्पानं वर बघितलं. "गाडी देविदासनं फोडली नव्हती. नटानं फुटली. मला ठाऊक होतं."

"मागच्यांना ऐकू आलं नसंल."

तो पुन्हा म्हणाला, मोठ्यानं. तिनं एका हमालाला मिलवर धाडलं. देविदास येईपर्यंत सगळे तसेच उभे होते आणि अप्पाला कुणी बसायला सांगितलं नाही. देविदास आला, हातात दाभण तसंच. अप्पानं तिसऱ्यांदा तेच सांगितलं, आणि देविदास दारू पीत नव्हता, हेही सांगितलं. देविदासनं ऐकून घेतलं.

"अन् मारलं ते?" कावेरीबाई म्हणाली. तिनं नवऱ्याकडं बघितलं. "तुमचा हात हाय न्हवं मोकळा?"

देविदासनं दाभण दुसऱ्या हातात घेतलं. अप्पानं डोळे मिटून घेतले होते. देविदास त्याच्याकडं जरा वेळ बघत उभा राहिला. मग म्हणाला, "पोती पडलीत शिवायची," आणि गेला.

कावेरीबाईनं खांबावरून हीटर सोडला, ग्लासातला नट काढला आणि दोन्ही अप्पाच्या हातात दिलं. तिचं समाधान झालं नव्हतं. आपण मारावं असं तिच्या हाताला वाटत होतं, पण मार तिनं खाल्ला नव्हता.

पुढं अप्पाला ड्रायव्हर मिळाला, त्याचा धंदाही चालू झाला, पण मोंढ्यात त्याला पूर्वीसारखं कुणी उठून जागा देत नाही. देविदासला एका दुसऱ्या व्यापाऱ्यानं बोलावून गाडी दिली. पोती शिवायचं सोडून तो पुन्हा नांदेडच्या खेपा करायला लागला. वैजनाथही त्याच व्यापाऱ्याकडं लागला, आणि कधीतरी, बहुधा दीपालीच्या सांगण्यावरून, टपरीवर पुन्हा चहाला यायला लागला. मावशी म्हणतो. गाडीचं काही सांगत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडाशी कावेरीबाई एकदा देविदासबरोबर गाडीत बसून नांदेडला निघाली. कंधार आलं तसं तिनं गाडी स्टँडसमोर उभी करायला लावली. खाली उतरून ती इकडंतिकडं बघायला लागली. लिंबाचं झाड, पाण्याची टाकी, उसाच्या रसाचा गाडा, एसटीची वाट बघणारी माणसं. हे सगळं तिनं मनात इतक्या वेळा बघितलं होतं की तिला वाटलं होतं, जागा ओळखू येईल.

"कुठं उभे होता तुम्ही?" तिनं विचारलं. "टाकीजवळ का झाडाखाली?"

देविदास दार उघडून अर्धा खाली उतरला. त्यानं टाकीकडं बघितलं, झाडाकडं बघितलं, आणि ओशाळून म्हणाला, "आता कुठं ध्यानात हाय."

कावेरीबाईला त्याचा फार राग आला. ती तिथंच उन्हात उभी राहिली. मग देविदासनं रसाचे दोन ग्लास सांगितले, बर्फ कमी घाला म्हणाला. ती तोंड दुसरीकडं करून रस प्यायली आणि गाडीत येऊन बसली.